बोनाफाईड: खिडकीबाहेरून विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं

पुण्यात पेठेतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी सव्वीस वर्षं काम केलं. त्यातली निम्मीअधिक वर्षं माझ्या टेबलासमोरच्या खिडकीला सगळे 'बोनाफाईडची खिडकी' म्हणायचे. जुलै-ऑगस्टमध्ये रांग जिन्यापर्यंत जायची. एकदा अकरावीतल्या एका मुलीनं दाखला हातात घेतला, तिथेच उभं राहून वाचला आणि विचारलं, "मॅडम, बोनाफाईड म्हणजे काय?"

मी म्हटलं, "म्हणजे तू इथे शिकतेस."

"ते तर पुढे लिहिलंयच ना, या कॉलेजची विद्यार्थिनी आहे म्हणून. मग बोनाफाईड कशाला?"

मागच्या मुलानं "ए, आवर" म्हटलं म्हणून मी सुटले. घरी येऊन शब्दकोश काढला. तिथून जो नाद लागला तो निवृत्तीनंतरही सुटला नाही. ओळखीपाळखीतले लोक अजून विचारतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

एका वाक्यात सांगा, बोनाफाईड म्हणजे काय?

मूळ लॅटिनमध्ये 'चांगल्या विश्वासानं', म्हणजे प्रामाणिकपणे, मनात काळंबेरं न ठेवता. इंग्रजीत त्याचाच पुढे 'खराखुरा, अस्सल' असा अर्थ झाला. आणि आपल्याकडे तो थेट एका कागदाचं नाव होऊन बसला.

लॅटिनमध्ये हे दोन शब्द आहेत ना? फोड कशी करायची?

हो. बोना आणि फिदे. 'बोना' म्हणजे चांगली. हा शब्द तुमच्या घरात दर दिवाळीला येतो. बोनस हे त्याच विशेषणाचं पुल्लिंगी रूप, बोना हे स्त्रीलिंगी. 'फिदेस' म्हणजे विश्वास, इमान, दिलेल्या शब्दाला जागणं. लॅटिनमध्ये फिदेस स्त्रीलिंगी आहे, म्हणून तिच्यापुढे बोना.

आता गंमत पुढे आहे. 'बोना फिदेस' ही झाली प्रथमा: चांगला विश्वास. शेवटचा 'स' गेला आणि 'बोना फिदे' झालं की विभक्ती बदलते आणि अर्थ होतो चांगल्या विश्वासानं. शाळेत आपण तृतीयेचे प्रत्यय घोकले होते, ने, ए, शी. लॅटिनच्या ज्या विभक्तीत हे रूप आहे ती आपल्या तृतीयेचं काम करते. त्यामुळे 'बोना फिदे'ला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द कुठला, तर माझ्या मते 'इमानेइतबारे'. इमान आणि इतबार, दोन्ही विश्वासाचेच शब्द, दोन्ही आपल्याकडे अरबी-फारसीतून आलेले, आणि दोघांच्याही शेवटी आपला मराठी 'ए'. नोकरीला लागलेल्या मुलाला आजोबा सांगायचे, "इमानेइतबारे काम कर." रोमन आजोबांनी 'बोना फिदे' म्हटलं असतं.

उच्चार बोनाफाईड, बोना फायडी की बोना फिदे?

रोमन लोक साधारण 'बोना फिदे' म्हणत. ब्रिटिश मंडळी 'बोना फायडी' म्हणतात, अमेरिकेत बहुतेक 'बोना फाईड'. आपल्याकडे न्यायालयातल्या जुन्या वकिलांच्या तोंडी अजून 'फायडी' ऐकू येतं. खिडकीवर 'फायडी' मागितलंत तर समोरचा फाईल शोधायला लागेल. बोनाफाईडच म्हणा.

मग त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर काय? दाखल्यावर हा शब्द नेमकं काय करतो?

दाखल्याचा मजकूर डोळ्यांसमोर आणा. वर लेटरहेड, डावीकडे जावक क्रमांक, उजवीकडे तारीख. मग वर्षानुवर्षं तेच वाक्य: अमुक अमुक ही या संस्थेची बोनाफाईड विद्यार्थिनी असून चालू शैक्षणिक वर्षात अमुक इयत्तेत शिकत आहे, जनरल रजिस्टरप्रमाणे जन्मतारीख अमुक, आणि माझ्या माहितीप्रमाणे तिची वर्तणूक चांगली आहे. खाली प्राचार्यांची सही आणि सहीवर किंचित चढलेला जांभळा गोल शिक्का.

यातला 'बोनाफाईड' काढून टाकला तर माहिती कमी होत नाही. मुलीचं म्हणणं बरोबर होतं. पण शब्द उगाच आलेला नाही. पटावर नाव असणं वेगळं आणि खरोखर शिकणं वेगळं, हे जगातल्या प्रत्येक शाळेला माहीत आहे. पासची सवलत, वसतिगृहातली खोली, शिष्यवृत्ती यांसाठी नुसतं नाव घालून ठेवणारे पूर्वीही होते. तेव्हा बोनाफाईड म्हणजे 'नावापुरता नाही, खरोखरीचा' अशी संस्थेनं दिलेली हमी.

आणि इथेच माझी पंचाईत आहे. गेल्या काही वर्षांत अकरावी-बारावीची पुष्कळ मुलं प्रवेश कॉलेजात घेतात आणि दिवसभर बसतात क्लासमध्ये. कॉलेजात उगवतात ती फक्त प्रॅक्टिकलला आणि बोनाफाईड न्यायला. माझ्यासमोर उभा असलेला मुलगा मी जन्मात पाहिलेला नसायचा, वर्गात कुणीच पाहिलेला नसायचा, आणि मी त्याच्या हातात 'हा खरोखरीचा विद्यार्थी आहे' असं लिहिलेला कागद द्यायचे. फी भरलेली होती, नाव पटावर होतं, नियमात सगळं बसत होतं.

अजून एक विचार तेव्हापासून मनात आहे. 'चांगल्या विश्वासानं' हे क्रियाविशेषण, ते कुठल्या तरी क्रियेला लागणार. दाखल्यावर ते विद्यार्थ्याला चिकटवलंय. पण विश्वासानं काहीतरी करतोय तो सही करणारा. मुलगा प्रामाणिकपणे शिकतोय, की आम्ही प्रामाणिकपणे लिहून देतोय? लॅटिनच्या व्याकरणाला विचाराल तर जबाबदारी खिडकीच्या आतल्या माणसावर येते.

बोनाफाईड, एलसी आणि डोमिसाईल एकच का?

नाही, आणि यात घोळ घालून लोक दोन-दोन हेलपाटे मारतात. बोनाफाईड म्हणजे तुम्ही सध्या इथे शिकताय. एलसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, तो मिळाला की तुम्ही इथे शिकत नाही. डोमिसाईल म्हणजे अधिवासाचा दाखला, त्याचा कॉलेजशी संबंध नाही, तो महसूल खात्याकडून मिळतो. शिष्यवृत्ती, बँकेतलं खातं, शैक्षणिक कर्ज, जात पडताळणी, पीएमपीचा, म्हणजे पुण्याच्या सिटी बसचा पास यांपैकी कशासाठी हवाय ते अर्जात आधीच लिहा. दाखल्यावर कारण लिहायची पद्धत आहे आणि पासासाठीचा दाखला बँकवाले परत पाठवतात.

बोनाफाईड 'मिळाला', 'मिळाली' की 'मिळालं'?

मनात दाखला असेल तर मिळाला, सर्टिफिकेट असेल तर मिळालं. मुलं हल्ली 'मिळालं' म्हणतात. 'मिळाली' मी एकदाच ऐकलंय, पण लॅटिन लिंगाप्रमाणे तोच बरोबर होता!

रोमन लोक हा शब्द कुठे वापरायचे? त्यांच्याकडे दाखले होते का?

दाखले नव्हते, कज्जे मात्र भरपूर होते. रोमन कायद्यात काही करार शब्दाला शब्द पाळायचे असत. ठरलेल्या सूत्रात प्रश्न, ठरलेल्या सूत्रात उत्तर, त्यापलीकडे न्यायाधीशानं बघायचं नाही. पण खरेदी-विक्री, भाडं, भागीदारी असल्या रोजच्या व्यवहारांत हे चालेना. माणसं बाजारात बोलतात तेव्हा सगळं शब्दांत मांडत नाहीत. म्हणून अशा दाव्यांत न्यायाधीशाला सांगितलं जाई की 'बोना फिदे'नुसार एकानं दुसऱ्याचं जे काही देणं लागतं ते ठरव. या दोन शब्दांनी त्याच्या हातात केवढी तरी सत्ता येई.

सिसेरो या रोमन वकील-लेखकानं एका घराची गोष्ट सांगितली आहे. ती आजच्या पुण्यात घडली असं सांगितलं तरी कुणी हटकणार नाही. रोमच्या सीलियन टेकडीवर क्लॉडियस नावाच्या गृहस्थाची उंच इमारत होती. रोमन शकुनवेत्ते टेकाडावर उभे राहून आकाशातले पक्षी बघून शकुन सांगायचे, ही इमारत त्यांच्या नजरेआड येत होती. त्यांनी हुकूम काढला, आड येणारा भाग पाडा. क्लॉडियसनं काय केलं? इमारतच विकायला काढली. कॅल्पर्नियसनं ती घेतली, हुकुमाचा एक शब्द त्याच्या कानावर घातला गेला नाही. लवकरच शकुनवेत्त्यांची नोटीस नव्या मालकाच्या दारात. बिचाऱ्यानं मजले पाडले, आणि मग त्याला कळलं की विक्रीची पाटी लागली ती हुकूम मिळाल्यानंतर.

तो 'बोना फिदे'चा दावा घेऊन गेला. निवाडा दिला मार्कस केटोनं: विकताना विकणाऱ्याला माहीत होतं आणि त्यानं सांगितलं नाही, तेव्हा नुकसान त्यानं भरून द्यायचं. क्लॉडियस खोटं बोलला नव्हता, हे लक्षात घ्या. तो नुसता गप्प बसला होता.

ही साधारण २१०० वर्षांपूर्वीची गोष्ट. रस्तारुंदीत जाणारी बाल्कनी, नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत येणारं पार्किंग, सोसायटीचा वीस वर्षं चाललेला दावा. 'तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून आम्ही सांगितलं नाही' हे वाक्य पुण्यात घर घेतलेल्या कुणाला नवीन आहे?

फिदेस नावाची देवीही होती म्हणे?

होती. कॅपिटोलाइन टेकडीवर, थेट ज्युपिटरच्या, म्हणजे रोमनांच्या मुख्य देवाच्या शेजारी तिचं देऊळ होतं. लिव्ही हा इतिहासकार सांगतो की तिची पूजा करताना पुजाऱ्यांनी हात बोटांपर्यंत कापडात गुंडाळलेला असे. विश्वासाची जागा उजव्या हातात, ती जपायची, अशी त्यामागची समजूत. आपल्याकडे बेलभंडार उचलून शपथ घेत, तोही हातानंच. शब्द तोंडातून निघतो पण साक्षीला हात लागतो, हे दोन्हीकडे सारखंच.

लॅटिन तर कुणाची बोलीभाषा राहिली नाही. मग इंग्रजीनं हे शब्द का सोडले नाहीत?

इंग्लंडच्या न्यायालयांतले कागद अठराव्या शतकापर्यंत लॅटिनमध्ये लिहिले जात. १७३३ पासून कायद्यानं ते बंद झालं, सगळं इंग्रजीत करायचं ठरलं. लगेच कारकुनांची आणि वकिलांची अडचण सुरू झाली, कारण काही शब्दांना इंग्रजीत सुटसुटीत पर्यायच नव्हते, आणि रुळलेले शब्द तसेच वापरायला मुभा द्यावी लागली. 'बोना फिदे' तोवर सुमारे दोनशे वर्षं इंग्रजीत वावरत होता. आधी फक्त क्रियाविशेषण म्हणून, 'त्यानं हे बोना फिदे केलं' असा. अठराव्या शतकात त्याचं विशेषण झालं, 'बोना फिदे खरेदीदार' असं. आपला 'बोनाफाईड स्टुडंट' या दुसऱ्या पिढीतला.

आपल्याला हे नवल वाटायला नको. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय म्हणून राज्यव्यवहारकोश करून घेतला, आणि तरी आज शिवाजीनगरच्या कोर्टात पाऊल टाकलंत की दावा, तारीख, वकील, जामीन, मुचलका, वारस, हुकूम. कचेरीतला शब्द राज्य गेलं तरी टेबलावर राहतो.

'प्युनिक फिदेस' असाही एक शब्दप्रयोग वाचला. पुण्याशी काही संबंध?

नाही हो. प्युनिक म्हणजे कार्थेजचे, उत्तर आफ्रिकेतल्या त्या जुन्या शहराचे. रोमन लोक आपल्या या शत्रूंना दगाबाज म्हणत, म्हणून 'कार्थेजी इमान' म्हणजे विश्वासघात, असा टोमणा. कार्थेजच्या लोकांचं यावरचं मत आपल्यापर्यंत पोचलेलं नाही, कारण रोमनांनी शहरच जाळलं.

आमच्या घरमालकानं वकिलामार्फत 'बोनाफाईड गरज' असल्याची नोटीस दिली आहे. हा कुठला बोनाफाईड?

पेठेतल्या वाड्यांमध्ये हा शब्द कॉलेजातल्यापेक्षा जास्त ओळखीचा आहे, आणि जास्त धास्तीचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १६ मध्ये मालक कुठल्या कारणांनी भाडेकरूकडून जागा परत मागू शकतो त्यांची यादी आहे. त्यातलं एक कारण हे: मालकाला स्वतःला राहायला किंवा वापरायला जागेची वाजवी आणि बोनाफाईड गरज असणं.

इथे त्या शब्दाला फार वजन आहे. मुलाचं लग्न ठरलंय, घरात खोली नाही, खाली भाडेकरू आहे, ही गरज. बिल्डरनं चांगला भाव दिलाय म्हणून एकाएकी मुलाचं लग्न आठवलं, हा बहाणा. दिल्लीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९९ साली हाच फरक सांगितला होता. गरज मनापासून वाटलेली, प्रामाणिक असली पाहिजे, नुसतं निमित्त नको.

गरज खरी ठरली तरी गोष्ट तिथे संपत नाही. जागा दिल्यानं भाडेकरूची जास्त अडचण होईल की न दिल्यानं मालकाची, हे न्यायालय तोलून बघतं. दोघांपैकी कुणाला दुसरी जागा आहे हेही पाहतं. आणि मालकानं ताबा घेऊन ती जागा वापरलीच नाही किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्यानं दिली, तर मूळ भाडेकरूला दाद मागता येते. मी वकील नाही, तुमच्या नोटिशीला उत्तर तुमच्या वकिलानंच द्यावं. एवढं मात्र सांगते, की आमच्या वाड्यात असा दावा मी लहान असताना सुरू झाला होता आणि माझं लग्न होऊन मी सासरी आले तरी चालू होता. दोन्ही बाजू शेवटपर्यंत गणपतीत एकमेकांकडे आरतीला जात होत्या.

वर्तमानपत्रात 'जाहीर नोटीस' येतात त्यांचा याच्याशी काही संबंध?

जवळचा. 'आमचे अशील खालील मिळकत खरेदी करीत आहेत, कुणाचा हक्क, हितसंबंध असल्यास कागदपत्रांसह अमुक दिवसांत कळवावे.' ही नोटीस म्हणजे 'मी डोळे मिटून घेतलं नाही' याचा पुरावा तयार करणं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ४१ मध्ये, वरकरणी मालक दिसणाऱ्या माणसाकडून जागा घेणाऱ्याला काही परिस्थितीत संरक्षण आहे, पण त्यानं वाजवी खबरदारी घेऊन सद्भावानं व्यवहार केलेला असला पाहिजे. म्हणून सातबारा, फेरफार, सर्च रिपोर्ट, जाहीर नोटीस. दस्त नोंदलेला असताना 'मला ठाऊकच नव्हतं' म्हणाल तर कुणी ऐकून घेणार नाही.

मन साफ होतं पण हातून निष्काळजीपणा झाला. मग तो बोनाफाईड धरायचा की नाही?

फार सुरेख प्रश्न, आणि आपल्याच देशाच्या कायद्यात याची दोन उत्तरं आहेत. कायद्यांतल्या नेहमीच्या शब्दांचे अर्थ सांगणारा जनरल क्लॉजेस कायदा १८९७ म्हणतो: गोष्ट खरोखर प्रामाणिकपणे केलेली असली म्हणजे ती सद्भावानं केलेली, मग हलगर्जीपणा झाला असला तरी. फौजदारी कायदा नेमका उलट. भारतीय दंड संहितेचं कलम ५२ म्हणायचं की योग्य काळजी आणि लक्ष न देता जे केलं ते सद्भावानं केलं असं म्हणताच येणार नाही. आता १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही व्याख्या तीच ठेवली आहे.

म्हणजे रजिस्टर न उघडता, मुलावर विश्वास ठेवून मी दाखला दिला, तर पहिल्या व्याख्येत मी प्रामाणिक आणि दुसऱ्या व्याख्येत नाही. हे वाचलं त्या दिवसापासून मी रजिस्टर उघडल्याशिवाय शिक्का उचलला नाही. रांगेनं मला खूप शिव्या घातल्या असणार.

मालाफाईड म्हणजे याच्या उलट?

हो. 'माला' म्हणजे वाईट. दुष्ट हेतूनं, आकसानं. वर्तमानपत्रात बदलीच्या प्रकरणांत दिसतो. मालाफाईडचा दाखला मात्र कुणी मागायला येत नाही.

इंग्रजीत 'बोना फायडीज' असं अनेकवचन ऐकलंय.

ते अनेकवचन नाही, मगाचची प्रथमाच आहे, शेवटच्या 'स'सकट. पण इंग्रजांनाही ते अनेकवचन वाटतं, आणि ते 'त्याचे बोना फायडीज तपासा' म्हणतात, म्हणजे त्याची ओळखपाळख, कागदपत्रं, खरेपणा तपासा. हेरांच्या गोष्टींत हा शब्द फार.

या शब्दावर काही मजेदार कायदा झाला आहे का?

झालाय, आणि तो दारूचा आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये रविवारी दारूची दुकानं ठरावीक वेळेनंतर बंद ठेवायची सक्ती होती, पण 'बोना फिदे प्रवासी' असेल तर त्याला देता येई. प्रवासी कोण? जो आदल्या रात्री जिथे झोपला तिथून तीन मैलांपलीकडे आलाय तो. डब्लिनकरांसाठी हे अंतर पाच मैल केलं होतं. झालं, लोक रविवारी शहराबाहेर तीन मैल चालत जाऊन प्रवासी होऊ लागले, आणि नेमक्या त्या अंतरावर दारूच्या दुकानांची चंगळ झाली. तिकडच्या बोलीत त्या दुकानांनाच 'बोना फिदे' म्हणू लागले. आयर्लंडमध्ये ही सवलत १९६० मध्ये बंद झाली.

तीन मैल म्हणजे पावणेपाच किलोमीटर, साधारण शनिवारवाड्यापासून विद्यापीठाच्या गेटपर्यंत. तेवढ्या प्रवासावर पुणेकरानं कसली सवलत मागितली असती, ते तुम्हीच ठरवा.

फिदेसचे आणखी नातेवाईक आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत का?

पुष्कळ. इंग्रजीतला विश्वासाचा नेहमीचा शब्द, फेथ, हा फिदेसच आहे, फ्रेंचमार्गे झिजून आलेला. कॉन्फिडन्स तिचाच. जुन्या घरातल्या हाय-फाय म्युझिक सिस्टीममधलं 'फाय' म्हणजे फिडेलिटी, मूळ आवाजाशी इमान. वाय-फाय हे नाव १९९९ मध्ये त्याच हाय-फायच्या चालीवर बनवलं, नात्यानं चुलतचुलत.

पण माझा आवडता ॲफिडेव्हिट. शंभर रुपयांच्या स्टँपपेपरसाठी आपण जी धावपळ करत आलो तो शब्द मुळात नामच नाही, पूर्ण क्रियापद आहे: 'त्यानं शपथेवर सांगितलं आहे.' बायकांनी केलं तरी लॅटिन रूप तेच राहतं, ही सोय.

आणि एक शेजारीण. लॅटिनमध्ये 'क्रेडो' म्हणजे मी विश्वास ठेवतो. क्रेडिट कार्ड त्यातूनच आलं. हे क्रेडो आणि आपली 'श्रद्धा' मुळात एकाच शब्दाची लेकरं आहेत. फिदेसचं मूळ वेगळं.

याला मराठी शब्द वापरायचा तर कुठला?

कायद्याच्या मराठीत 'सद्भावपूर्वक' आहे आणि तो चांगला आहे. 'सद्भावी खरेदीदार' कानाला बरा लागतो. कॉलेजच्या दाखल्यासाठी 'नियमित विद्यार्थी' छापतात, तो मला पटत नाही. जो नियमित येतो तो नियमित, खरा-खोटा हा मुद्दा त्यात नाही. बोलताना अस्सल, खराखुरा, सच्चा यांतलं जे बसेल ते घ्या. 'इमानेइतबारे विद्यार्थी' मात्र लिहू नका, ते क्रियापदाला मागतं, मगाशी सांगितलं तसं.

असे आणखी लॅटिन शब्द आपण मराठीत कसे पचवले?

फार लांबवत नाही. 'स्टेटस को'साठी आपण 'जैसे थे' म्हणतो. कोर्टानं जैसे थेचा आदेश दिला, असं प्रत्येक मराठी वर्तमानपत्र लिहितं. त्यातला 'थे' मराठी नाहीच, हिंदी आहे, म्हणजे लॅटिन उतरवताना आपण हिंदीकडून उसनवारी केली. पत्राच्या शेवटच्या पीएसला 'ता.क.', ताजा कलम, हा मात्र झकास. 'ॲडहॉक' आपण तसाच ठेवला, आणि ॲडहॉक प्राध्यापक वीस-वीस वर्षं तसेच राहिले.

मुलीच्या दाखल्यावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये मध्ये एक ई जास्त आहे. दाखला चालेल का?

चालेल. आमचा अकरा वर्षं चालला.

कॉम्प्युटर आला तेव्हा दाखल्याचा नमुना मीच टाइप केला. शब्दाचा उच्चार 'फाईड' होतो म्हटल्यावर मी आय आणि डी यांच्या मध्ये एक ई घातला, जसा एखाद्या भूतकाळी क्रियापदाला असतो. जणू कुणीतरी त्या मुलाला 'बोनाफाय' केलंय. नमुना दर वर्षी कॉपी होत राहिला. हजारो मुलं तो कागद घेऊन बँकेत, पासाच्या खिडकीवर, पार परदेशी विद्यापीठांपर्यंत गेली, कुणी हरकत घेतली नाही. प्राचार्य तीन बदलले, तिघांनी सह्या केल्या.

मग एक दिवस टपालानं पाकीट आलं. आत आमचाच एक दाखला. एका मुलाच्या आजोबांनी पाठवला होता, पत्ता सदाशिव पेठेतला. तो ई लाल शाईनं गोलात घेतलेला, बाजूच्या समासात बारीक, सुवाच्य अक्षरात लॅटिन शब्दाची फोड, विभक्तीसकट. खाली एक ओळ: 'दुरुस्त प्रत पाठवावी. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट जोडले आहे.'

दुसऱ्या दिवशी नमुना बदलला आणि दुरुस्त प्रत पाठवून दिली. लाल शाईचा दाखला त्यांना परत पाठवायला हवा होता, तो मी ठेवून घेतला.